लहान मुलांचा फ्लू आणि न्यूमोनिया: दवाखान्यात रोज विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सुरू होऊन पंधरा-वीस दिवस झाले की माझ्या दवाखान्यातला बाक सकाळी आठलाच भरतो. मांडीवर तापानं मलूल झालेलं पोर आणि आईच्या तोंडी एकच आकडा: "डॉक्टर, रात्री एकशेतीन होता." ताप किती होता हे प्रत्येकीला पाठ असतं. मिनिटाला श्वास किती चालतोय हे मात्र क्वचितच कुणी सांगतं. न्यूमोनियाच्या बाबतीत मला पहिल्यांदा हवा असतो तो हा दुसरा आकडा. इतकी वर्षं बाकावर बसून जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, ते इथे एकत्र केले आहेत. वाचून समज वाढेल, पण आजारी मुलाला डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासायला हवंच.

नुसती सर्दी आहे की फ्लू, कसं ओळखायचं?

सर्दी पायरी पायरीनं येते. आधी शिंका, मग वाहतं नाक, दुसऱ्या दिवशी कणकण. फ्लू असा येत नाही. सकाळी अंगणात हुंदडणारं मूल संध्याकाळी पांघरुणात शिरून "अंग दुखतंय" म्हणतं, डोळे लाल, ताप १०२-१०३, कोरडा ठसका. विषाणू शरीरात शिरल्यापासून साधारण दोन दिवसांत, कधी एका तर कधी चार दिवसांत लक्षणं दिसतात.

दोन वर्षांच्या आतलं मूल अंग दुखतंय असं सांगू शकत नाही. ते किरकिर करतं, दूध तोडतं, उलट्या करतं, कधी जुलाबही होतात. त्यामुळे घरात "दात येतायत" किंवा "पोट बिघडलंय" असा समज होतो. शाळकरी मुलांत आणखी एक गोष्ट दिसते: ताप उतरत आला की पिंढऱ्या इतक्या दुखतात की मूल पाय टेकवत नाही. 'बी' प्रकारच्या फ्लूत हे जास्त आढळतं. आईबाप घाबरून जातात. हे दुखणं बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप थांबतं. पण मूल चालत नसेल तर दाखवायला आणाच, आणि लघवी गडद रंगाची होत असेल तर त्याच दिवशी.

फ्लूमुळे न्यूमोनिया होतो म्हणजे आत नेमकं काय घडतं?

आपल्या श्वासनलिकेला आतून बारीक केसांसारख्या तंतूंचं अस्तर असतं. हे तंतू अखंड हलत असतात आणि धूळ, जंतू, कफ असं सगळं घशाकडे ढकलत राहतात. फ्लूचा विषाणू नेमका याच पेशींना चिकटतो, आत शिरतो, स्वतःच्या हजारो प्रती काढतो आणि पेशी मारून बाहेर पडतो. दोन-तीन दिवसांत अस्तर जागोजागी सोलून निघतं. म्हणूनच फ्लूचा खोकला इतका कोरडा आणि दुखरा असतो.

इथून पुढे दोन वाटा आहेत. पहिली, विषाणू स्वतःच खाली फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्यांपर्यंत पोहोचतो. त्या पिशव्यांत पाणी आणि सूज भरते, आणि रक्तात ऑक्सिजन जाण्याची वाट अडते. हा विषाणूचा स्वतःचा न्यूमोनिया. तो लवकर होतो, तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच धाप लागते.

दुसरी वाट उशिरा उघडते. न्यूमोकोकस, स्टॅफिलोकोकस हे जिवाणू कित्येक निरोगी मुलांच्या नाकाघशात असेच राहतात, काही त्रास देत नाहीत. अस्तर सोललं, तंतू थांबले, की त्यांना खाली उतरायला मोकळं रान मिळतं. हा जिवाणूंचा न्यूमोनिया फ्लूच्या पाठोपाठ येतो आणि बऱ्याचदा विषाणूच्या न्यूमोनियापेक्षा घातक ठरतो. स्टॅफिलोकोकसचा असेल तर काही तासांत मुलाची तब्येत ढासळू शकते, फुफ्फुसाभोवती पू साठू शकतो.

ही दुसरी वाट नवी नाही. जून १९१८ मध्ये मुंबई बंदरातून फ्लूची साथ देशात शिरली. भारतातल्या बळींचा अंदाज एक कोटीच्या पुढे जातो. त्या काळात अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनावेळी जपून ठेवलेले फुफ्फुसांचे नमुने संशोधकांनी २००८ मध्ये पुन्हा तपासले, तेव्हा त्यांतल्या बहुतेकांत जिवाणूंच्या न्यूमोनियाच्या खुणा सापडल्या. दार विषाणूनं उघडलं आणि बहुतेकांचा जीव त्यामागून आलेल्या जिवाणूनं घेतला. तेव्हा पेनिसिलिन नव्हतं. आज आपल्याकडे औषधं आहेत, पण मूल वेळेत पोहोचलं तरच.

न्यूमोनिया झालाय हे घरी कसं कळणार? आमच्याकडे काही मशिन नाही.

मशिन लागत नाही. सेकंद दाखवणारं घड्याळ किंवा मोबाइल पुरे. या पानावरचा एकच भाग वाचायला वेळ असेल तर हा वाचा.

मूल शांत असताना, शक्यतो झोपेत, अंगावरचा कपडा वर करा. पोट किंवा छाती एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास. पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका, लहान मुलांचा श्वास एकसारखा चालत नाही, हिशेब चुकतो. रडताना, दूध पिताना मोजू नका. ताप चढलेला असेल तर औषध देऊन, ताप थोडा उतरल्यावर पुन्हा मोजा. पण मूल उघड धापा टाकत असेल तर ताप उतरायची वाट बघत बसू नका.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाला ४० किंवा जास्त श्वास असतील, तर श्वास जलद आहे असं समजायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या या आकड्यांवरच आपल्या आशाताईसुद्धा काम करतात. खोकला आणि जलद श्वास एकत्र असतील तर त्याच दिवशी डॉक्टर.

मोजताना बरगड्यांच्या खालची कडही बघा. श्वास आत घेताना निरोगी बाळाचं पोट आणि छाती दोन्ही वर येतात. बाळ श्वास आत घेतंय आणि त्याच वेळी छातीचा खालचा भाग आत ओढला जातोय, खळगा पडतोय, तर फुफ्फुसावर ताण आलेला आहे. आपल्याकडे याला "पोट उडतंय" म्हणतात, काही भागांत "डबा झाला" म्हणतात. आजीच्या नजरेला हे डॉक्टरांच्या आधी दिसतं. आजी "पोट उडतंय" म्हणाली की वाद घालू नका, निघा.

हे घरच्या माणसाला जमतं याचा पुरावा गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं तिथल्या गावांत आरोग्यसेवकांना आणि दाईंना न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं. ज्यांना अंक मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधन बनवलं. श्वासागणिक मणी सरकवत जायचं, वाळू संपायच्या आत ठरावीक मणी संपले तर न्यूमोनिया. १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचे निष्कर्ष छापून आले: शेजारच्या, हा कार्यक्रम नसलेल्या गावांच्या तुलनेत न्यूमोनियाचे बालमृत्यू निम्म्याहून कमी. शाळेचं तोंड न पाहिलेल्या दाईला जे जमलं, ते हातात मोबाइल असलेल्या आईबाबांना नक्की जमेल.

कधी एक मिनिटही थांबायचं नाही?

मूल दूध किंवा पाणी घेतच नसेल, घेतलेलं सगळं उलटून टाकत असेल, झटके आले असतील, हाक मारूनही डोळे उघडत नसेल, ओठ-जीभ निळसर दिसत असतील, दर श्वासाला कण्हल्यासारखा आवाज येत असेल, नाकपुड्या फुलत असतील, छाती आत ओढली जात असेल. यातलं एक जरी दिसलं तरी थेट बालरुग्ण विभाग असलेलं हॉस्पिटल गाठा. १०८ ला फोन करा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप असला तरी तेच करायचं, आणि अशा बाळाचं अंग गार पडणं हे तापाइतकंच वाईट लक्षण आहे.

घरात कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर असेल तर मोठ्या मुलाला लावून बघा. ९४ च्या खाली असेल तर दाखवा, ९० च्या खाली असेल तर पळा. तान्ह्या बाळाच्या बोटावर मोठ्यांचा ऑक्सिमीटर नीट बसत नाही, चुकीचा आकडा दाखवतो. तिथे तुमचे डोळेच जास्त भरवशाचे.

ताप उतरला होता, खेळायला लागला होता, आणि पाचव्या दिवशी पुन्हा ताप आला. पुन्हा व्हायरल असेल का?

असं गृहीत धरू नका. हा प्रश्न मला फोनवर आला तर मी म्हणतो, आत्ता निघा. फ्लूचा ताप साधारण तीन ते पाच दिवसांत उतरतो. उतरून एखाद-दोन दिवस बरे गेल्यावर ताप पुन्हा चढला, खोकला वाढला, तर वर सांगितलेली दुसरी वाट उघडली असल्याची शंका घ्यायलाच हवी. "व्हायरल आहे, जाईल" हे वाक्य पहिल्या तापाला चालतं, परतून आलेल्या तापाला चालत नाही. आम्हा डॉक्टरांकडूनही इथे चूक होते. चार दिवसांपूर्वी छाती स्वच्छ ऐकलेली असते, तेच डोक्यात राहतं. म्हणून "परवा दाखवलंय की" म्हणून संकोचू नका, परत या.

दरवर्षी किती मुलांना हे होतं?

२०१८ या वर्षासाठी जगभरच्या आकडेवारीवरून केलेला एक मोठा अंदाज आहे. पाच वर्षांखालच्या मुलांत फ्लूचे सुमारे ११ कोटी आजार, त्यांतून फुफ्फुसापर्यंत पोहोचलेली सुमारे १ कोटी प्रकरणं, ८ लाख ७० हजार मुलं हॉस्पिटलात भरती आणि जास्तीत जास्त ३४,८०० मृत्यू. म्हणजे फ्लू झालेल्या अकरा मुलांतल्या साधारण एकाच्या फुफ्फुसाला त्रास होतो, उरलेली दहा घरीच बरी होतात. न्यूमोनियाचा सगळा दोष फ्लूवर टाकायचंही कारण नाही. आरएसव्ही नावाचा विषाणू लहान बाळांत याहून जास्त न्यूमोनिया करतो, आणि न्यूमोकोकस तर आहेच. त्याच अंदाजानुसार लहान मुलांच्या फुफ्फुसांच्या तीव्र संसर्गात फ्लूचा वाटा ७ टक्क्यांच्या आसपास आहे.

मला त्यातली एक गोष्ट सलते. हॉस्पिटलात दगावलेल्यांत एक तृतीयांशाहून अधिक बाळं सहा महिन्यांच्या आतली होती, आणि त्या वयात फ्लूची लस देता येत नाही. त्यावर उपाय आहे, तो पुढे येईल.

कोणत्या मुलांना धोका जास्त?

पाच वर्षांखालची सगळी, त्यातही दोन वर्षांखालची. दमा, जन्मजात हृदयदोष, किडनीचा आजार, सिकलसेल, थॅलेसेमिया, सेरेब्रल पाल्सी, कमी दिवसांचं जन्मलेलं बाळ, कुपोषित मूल, कॅन्सरची किंवा स्टिरॉइडची औषधं चालू असलेलं मूल. घरात चुलीचा धूर असेल किंवा कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर धोका आणखी वाढतो. तरीही, धडधाकट मुलांनाही फ्लूतून न्यूमोनिया होतो. "आमचा कधी आजारी पडत नाही" म्हणून श्वास मोजायचा राहू देऊ नका.

रिपोर्टमध्ये एच१एन१ लिहिलंय. म्हणजे स्वाइन फ्लू? आता काय?

हे नाव ऐकलं की आजही आईबाबांचा चेहरा उतरतो, आणि ते मी समजू शकतो. ३ ऑगस्ट २००९ ला देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला, शाळेत जाणारी चौदा वर्षांची मुलगी होती ती. त्यानंतर पुण्यातल्या शाळा बंद झाल्या, नायडू हॉस्पिटलबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या, लोक तोंडाला रुमाल बांधून फिरू लागले. ते दिवस कुणी विसरलेलं नाही.

पण २०१० च्या ऑगस्टमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ती महासाथ संपल्याचं जाहीर केलं, आणि तेव्हापासून तो विषाणू दरवर्षी येणाऱ्या हंगामी फ्लूचा एक भाग झाला. आज फिरणारे फ्लू मुख्यतः तीन: 'ए' प्रकारातले एच१एन१ आणि एच३एन२, आणि 'बी' प्रकारातला व्हिक्टोरिया. न्यूमोनिया तिन्हींनी होऊ शकतो. एच१एन१ आहे म्हणून जास्त घाबरायचं कारण नाही आणि 'बी' आहे म्हणून निर्धास्त राहायचंही नाही. उपचार त्याच पद्धतीनं होतात. डुकराचं मांस खाऊन हा आजार होत नाही, तो माणसाकडून माणसाला खोकल्या-शिंकांतून होतो.

फ्लूची तपासणी सगळ्यांची का करत नाहीत? आणि एक्स-रे?

सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत रुग्णांचे गट केले आहेत. सौम्य ताप-खोकला असलेला 'अ' गट: तपासणी नको, घरी आराम, एक-दोन दिवसांत पुन्हा पाहणी. जास्त ताप आणि घसा खूप दुखणारे, किंवा लहान वय, जुना आजार असे धोक्यातले 'ब' गटात: तपासणीसाठी न थांबता गरजेप्रमाणे औषध सुरू. धाप, गुंगी, झटके, दूध न घेणं अशी लक्षणं असलेला 'क' गट: लगेच भरती, लगेच तपासणी, लगेच औषध.

तपासणीत नाकातून आणि घशातून स्वॅब घेऊन आरटी-पीसीआर करतात. दहा-पंधरा मिनिटांत निकाल देणाऱ्या किटवर पॉझिटिव्ह आलं तर सहसा विश्वास ठेवता येतो, निगेटिव्ह आलं तर फ्लू नाहीच असं म्हणता येत नाही. एक्स-रेचंही असंच. आजारी मुलाचा काढावा लागतो, पण नुसत्या फोटोवरून हा विषाणूचा की जिवाणूचा हे खात्रीनं कुणालाच सांगता येत नाही. मुलाकडे बघूनच बरंचसं ठरतं.

फ्लू विषाणूमुळे होतो, मग अँटिबायोटिक कशाला दिलं?

अगदी योग्य प्रश्न, आणि तो डॉक्टरांना जरूर विचारा. साध्या फ्लूला अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग नाही. पण मुलाचा श्वास जलद असेल, न्यूमोनिया असेल, तर आत नुसता विषाणू आहे की पाठोपाठ जिवाणूही उतरलाय हे त्या क्षणी ओळखता येत नाही. दोन दिवस थांबून बघण्याची किंमत फार मोठी असू शकते. म्हणून न्यूमोनियात अमॉक्सिसिलिनसारखं औषध सुरू करतात. सुरू केलं की डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करा. आणि गेल्या वेळची उरलेली बाटली फ्रिजमधून काढून स्वतःच्या मनानं देऊ नका.

फ्लूवरची ती खास गोळी लगेच द्यावी का?

ऑसेल्टामिविर हे तिचं नाव. विषाणूच्या नव्या प्रतींना पेशीतून सुटून पसरायला एक प्रथिन लागतं, ते हे औषध अडवतं. लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत दिलं तर सर्वांत जास्त उपयोग. पण मूल गंभीर असेल तर दोन दिवस उलटून गेल्यावरही द्यायचं असतं, "आता उशीर झाला" म्हणून सोडायचं नाही. मात्रा वजनावर ठरते, सहसा दिवसातून दोनदा, पाच दिवस. लहान मुलांसाठी पातळ औषधही असतं. काही मुलांना उलटी होते, खाल्ल्यावर दिलं तर कमी होते.

धडधाकट मोठ्या मुलाला सौम्य फ्लू असेल तर याची गरज पडत नाही. दोन वर्षांखालचं किंवा जुना आजार असलेलं मूल असेल तर मी तपासणीच्या निकालाची वाट बघत नाही.

घरी काय करायचं आणि काय टाळायचं?

थोडं थोडं, पुन्हा पुन्हा पाजा: आईचं दूध, पेज, वरणाचं पाणी, नारळपाणी, ताक. चार दिवस जेवण कमी झालं तर चालतं, लघवी कमी झालेली चालत नाही. तापाला फक्त पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे, दोन डोसांत चार ते सहा तास अंतर ठेवून. नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे मेडिकलमध्ये मिळणारे थेंब. एक वर्षावरच्या मुलाला झोपताना चमचाभर मध. एक वर्षाच्या आत मध चाटवूही नका, त्यातून बॉट्युलिझम ही जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते.

टाळायच्या गोष्टींवर मी जरा जास्त बोलतो, कारण दवाखान्यात आलेली काही मुलं आजारापेक्षा घरच्या उपायांनी बिघडलेली असतात.

ॲस्पिरिन मुलांना देऊ नका. फ्लूत ॲस्पिरिन दिल्यानं यकृत आणि मेंदूला सूज आणणारा रे सिंड्रोम होऊ शकतो. निमेसुलाइड भारतात १२ वर्षांखालच्या मुलांसाठी २०११ पासून बंद आहे, तरी जुन्या चिठ्ठीवर मागणारे भेटतात.

खोकल्याची सिरप: २०२५ च्या पावसाळ्याअखेरीस मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडची लहान लहान मुलं विषारी सिरपमुळे किडनी निकामी होऊन गेली. त्यांतल्या कित्येकांवर नागपुरात उपचार चालू होते. त्यानंतर केंद्रानं पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा देऊ नयेत. विष मिसळलेलं नसलं तरी या सिरपनी न्यूमोनिया बरा होत नाही. उलट काहींनी गुंगी येते, आणि मूल आजारानं मलूल झालंय की औषधानं, तेच कळेनासं होतं.

गरम पाण्याची वाफ: फायदा नगण्य, आणि उकळतं पातेलं अंगावर सांडून भाजलेली मुलं मी पाहिली आहेत. नेब्युलायझर दम्याच्या शिट्टीसारख्या आवाजाला उपयोगी, न्यूमोनियाला नाही. शेजाऱ्यांकडून आणून लावू नका. बाळाला ओवा-धुपाची धुरी देणं प्रेमापोटीच होतं, पण सोललेल्या श्वासनलिकेला तो धूरच असतो. आणि छातीपोटाला डागणं, चटके देणं. मेळघाटात आणि इतरही ठिकाणी अजून हे घडतं. ज्या घरात ते घडतं तिथे बहुतेकदा दवाखाना लांब असतो, हातात दुसरं काही नसतं, म्हणून त्या आईवर रागावून काही साधत नाही. पण चटक्यानं फुफ्फुसातली सूज कमी होत नाही, बाळाला जखम मात्र होते आणि दवाखान्यात पोहोचायला एक दिवस उशीर होतो.

आमच्या बाळाच्या कार्डावर "इन्फ्लुएन्झा बी"ची लस दिलेली आहे. मग फ्लूची वेगळी कशाला?

हा घोळ नावाचा आहे आणि तो शंभर वर्षांहून जुना आहे. १८९२ मध्ये रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाला फ्लूच्या रुग्णांच्या कफात एक जिवाणू सापडला. त्याला वाटलं हाच फ्लूचा जंतू, म्हणून त्याचं नाव पडलं हिमोफिलस इन्फ्लुएन्झा. फ्लूचा खरा कारक विषाणू आहे हे माणसांच्या बाबतीत सिद्ध झालं १९३३ मध्ये, लंडनमध्ये फेरेट या मुंगसासारख्या प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांतून. तोवर नाव रुळलं होतं, ते तसंच राहिलं.

पेंटाव्हॅलंट म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लशीत त्या जिवाणूविरुद्धची 'हिब' लस असते. सरकारी कार्यक्रमात ती ६, १०, १४ आठवड्यांना मोफत मिळते. न्यूमोकोकसविरुद्धची पीसीव्ही लसही आता देशभर मोफत आहे, ६ आणि १४ आठवड्यांना आणि मग ९ महिन्यांना. या दोन्ही लशी फ्लूच्या विषाणूला अडवत नाहीत, पण त्या दुसऱ्या वाटेवरच्या जिवाणूंपैकी काहींना अडवतात. म्हणून फ्लूची लस परवडो न परवडो, या दोन चुकवू नका. फ्लूची लस वेगळी.

मग फ्लूची लस केव्हा, किती वेळा? दरवर्षी कशाला?

सहा महिने पूर्ण झाल्यावर. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदा देताना दोन डोस, चार आठवड्यांच्या अंतरानं, आणि नंतर दरवर्षी एक. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस सहा महिने ते पाच वर्षांच्या सगळ्या मुलांसाठी आहे, त्यापुढे धोक्यातल्या मुलांसाठी.

दरवर्षी का, तर विषाणू रूप बदलत राहतो आणि शरीरातलं संरक्षणही काही महिन्यांत ओसरतं. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीचा मसाला ठरवते. पूर्वी त्यात चार विषाणू असत. त्यांतला 'बी यामागाता' मार्च २०२० नंतर जगात कुठेच खात्रीनं सापडलेला नाही, म्हणून आता तीनच पुरेत असं ठरलं आहे. "चारवाली संपली, तीनवालीच आहे" असं ऐकून परत जाऊ नका.

वेळ महत्त्वाची. अमेरिकेत ऑक्टोबरमध्ये देतात म्हणून नातेवाइकांचा सल्ला येतो. आपल्याकडे महाराष्ट्रात फ्लूचा मोठा जोर जुलै ते सप्टेंबर, आणि थंडी सरताना जानेवारी ते मार्च दुसरा. लस दिल्यावर संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात. म्हणून एप्रिल-मे, शाळा उघडायच्या आत. ती वेळ चुकली तरी नंतर घेण्यात तोटा नाही.

लस चांगली जुळते त्या वर्षी डॉक्टरकडे जावं लागण्याचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, हे आधीच सांगितलेलं बरं. पण गंभीर होण्याची शक्यता कमी होते. अंड्याची ॲलर्जी असली तरी देता येते. इंजेक्शनच्या लशीत मेलेल्या विषाणूचे तुकडे असतात, त्यानं फ्लू होत नाही. एक-दोन दिवस हात दुखेल, थोडी कणकण येईल.

मुलांच्या मोफत लसीकरणात ती अजून नाही, आणि खासगीत एका डोसला हजार-दीड हजारापासून पुढे पैसे लागतात. दोन मुलं असलेल्या, रोजंदारीवरच्या घराला मी "घ्याच" म्हणताना अडखळतो. धोक्यातल्या मुलाला आधी द्या.

बाळ तीन महिन्यांचं आहे. त्याला लस नाही, मग त्याला कसं जपायचं?

गरोदरपणात आईनं फ्लूची लस घेतली तर तिच्या रक्तातली संरक्षक द्रव्यं वारेतून बाळाला मिळतात आणि पहिले काही महिने पुरतात. गरोदरपणाच्या कोणत्याही महिन्यात घेता येते. सरकारी रुग्णालयात गरोदर बायकांसाठी उपलब्ध आहे का, तेही जरूर विचारा. बाळ झालं असेल आणि लस राहिली असेल तर आईनं आता घ्या, बाबांनी, आजीआजोबांनी, शाळेत जाणाऱ्या दादा-ताईनंही घ्या. बाळाला फ्लू बहुधा घरातूनच होतो. बारशाला, पाहायला येणाऱ्यांत कुणी खोकत असेल तर "बाळाला नंतर भेटा" असं सांगायला संकोचू नका.

मलाच फ्लू झालाय. बाळाला अंगावर पाजू का?

पाजा. दुधातून फ्लू जात नाही, संरक्षण मात्र जातं. मास्क लावा, हात साबणानं धुवा, खोकला आला तर तोंड वळवा. फारच थकवा असेल तर दूध काढून दुसऱ्या कुणाला वाटी-चमच्यानं पाजू द्या.

शाळेत कधी पाठवायचं?

औषध न देता २४ तास ताप आला नाही, की पाठवा. मोठ्यांपेक्षा मुलं विषाणू जास्त दिवस बाहेर टाकतात, कधी आठवड्याच्या पुढेही. म्हणून रुमाल आणि हात धुणं चालू ठेवा. परीक्षा बुडेल म्हणून तापाचं औषध पाजून वर्गात बसवलेलं मूल आणखी चार घरांत फ्लू पोहोचवतं, आणि त्यांतल्या एखाद्या घरात तीन महिन्यांचं बाळ असतं.

न्यूमोनियातून उठला, घरी आलोय. खोकला अजून आहे, एक्स-रे पुन्हा काढायचा का?

सोललेलं अस्तर भरून यायला वेळ लागतो. दोन-तीन आठवडे खोकला राहतो, हळूहळू कमी होत असेल तर काळजी नको. मूल खेळतंय, जेवतंय, श्वास शांत आहे, तर पुन्हा एक्स-रेची गरज सहसा नसते. फुफ्फुसाभोवती पाणी किंवा पू झाला असेल, तोच भाग पुन्हा पुन्हा धरत असेल, तर डॉक्टर काढायला सांगतील. तीन आठवड्यांनंतरही खोकला तसाच असेल, वजन वाढत नसेल, तर टीबीची तपासणी करायला हवी. यंदा फ्लू होऊन गेला तरी लस घ्या, कारण झाला तो एका प्रकारचा आणि बाकीचे आहेतच. घरी आल्यावर पहिले तीन-चार दिवस रोज रात्री मूल झोपलं की एक मिनिट श्वास मोजून वहीत लिहून ठेवा, आणि फेरतपासणीला येताना ती वही घेऊन या.